स्नायूंची रचना व कार्य : किनाऱ्यावरील शाळांसाठी पाठ-टिपण

स्नायूंचा पाठ वरच्या वर्गांत बहुधा एकाच तासात आटोपला जातो. ऐच्छिक, अनैच्छिक व हृदयाचे असे स्नायूंचे तीन प्रकार फळ्यावर लिहिले जातात, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहून देतात. शाळा-तपासणीच्या वेळी प्रस्तुत लेखक वर्गातील एखाद्या मुलास "तुझ्या अंगातला एक स्नायू दाखव पाहू" असे सांगतो. मूल बाही वर सारून दंड फुगवून दाखविते. पोटरीवर हात ठेवणारे क्वचित आढळते, जीभ बाहेर काढणारे त्याहून क्वचित. डोळ्याच्या बाहुलीत, आतड्यांत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत स्नायूच काम करीत असतात याची बहुतेकांस कल्पना नसते. वहीत मात्र तिन्ही प्रकार सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असतात.

काशीद आणि त्याच्या आजूबाजूच्या गावांतील शाळांना हा पाठ शिकविण्याची जी सामग्री लाभली आहे ती शहरातील प्रयोगशाळेसही लाभत नाही. वाळूवर ओढली जाणारी होडी, माडावर चढणारा माणूस, पाटीतला बांगडा, चुलीवर शिजणाऱ्या तिसऱ्या ही सारी स्नायूंचीच उदाहरणे होत. ती कशी योजावीत हे सांगण्यासाठी हे टिपण आहे. त्यातील मुख्य सूत्र शिक्षकांनी आधीच ध्यानी घ्यावे : स्नायूचे कार्य धरणे आणि सोडणे असे दुहेरी आहे. आपण वर्गात धरण्याविषयी, म्हणजे आकुंचनाविषयी, पुष्कळ बोलतो; सोडण्याविषयी, म्हणजे शिथिलनाविषयी, जवळजवळ काहीच बोलत नाही. या दोहोंपैकी कोणतेही एक अडले तर माणसाच्या जिवावर बेतते, हे पुढे दिसून येईल.

प्रारंभी शब्दांचा घोटाळा दूर करणे अवश्य आहे. मराठीत 'पेशी' म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. हिंदीत मात्र 'पेशी' हा शब्द स्नायूसाठी योजतात. 'मांसपेशी' हा शब्द मराठीतही कानावर येतो, त्यामुळे मुलांचा गोंधळ वाढतो. वर्गात एकदा स्पष्ट सांगून टाकावे : एकसारख्या पेशी एकत्र येऊन एकच काम करू लागल्या म्हणजे त्या समूहास ऊती म्हणतात; आकुंचन पावण्याचे काम करणारी ऊती ती स्नायू-ऊती; आणि खाटकाच्या दुकानात ज्याला आपण मटण म्हणतो ते बहुतांशी स्नायूच. हे शेवटचे वाक्य ऐकताच वर्गात कुजबुज होते. होऊ द्यावी. शब्द आणि वस्तू यांची गाठ पडल्याची ती खूण आहे.

पाठाचा आरंभ मुलांच्या हातांपासून करावा. एका मुलास टेबलाजवळ बसवून, तळहात टेबलाच्या खालच्या बाजूस लावून टेबल वर उचलण्याचा जोर करावयास सांगावे. दुसऱ्या मुलाने त्याचा दंड पुढून व मागून चाचपून पाहावा. पुढचा स्नायू घट्ट झालेला आढळेल, मागचा मऊ. आता तोच तळहात टेबलावर ठेवून खाली दाब द्यावयास सांगावे. या वेळी मागचा स्नायू घट्ट होतो व पुढचा सैल पडतो. पुढच्या स्नायूस द्विशिरस्क आणि मागच्यास त्रिशिरस्क म्हणतात. ही नावे पाठ झाली नाहीत तरी बिघडत नाही. प्रत्येक मुलाने स्वतःचा दंड चाचपलाच पाहिजे, हे मात्र टाळू नये.

येथे विचारण्याजोगा प्रश्न असा : "खाली दाबताना तर आपण ढकलले, मग स्नायू ढकलतो का?" मुले हो म्हणतील. वस्तुतः स्नायू कधीही ढकलीत नाही. तो केवळ आखडतो आणि आपल्या दोन्ही टोकांना जोडलेल्या हाडांना जवळ ओढतो. कोपर वाकविण्यासाठी पुढचा स्नायू ओढतो, सरळ करण्यासाठी मागचा. हातगाडी ढकलणाऱ्या माणसाच्या अंगातील प्रत्येक स्नायू त्या वेळी ओढतच असतो. म्हणून हाडे हलविणारे स्नायू बहुतेक ठिकाणी परस्परविरोधी जोडीने आढळतात, व एक आखडताना दुसऱ्याने सैल पडावे लागते. बांबूच्या दोन चपट्या पट्ट्या एका खिळ्याने सांध्यासारख्या जोडून पुढे-मागे दोन दोऱ्या बांधल्या की याचे उत्तम प्रतिरूप तयार होते. काही शिक्षक दोरीऐवजी रबर वापरतात. रबर आपण होऊन आखडते आणि ताणावयास जोर लागतो. खरा स्नायू सैल पडला की सहज ताणला जातो. तेव्हा दोरीच बरी.

स्नायू एकाच दिशेने काम करतो याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या किनाऱ्यावर फुकट मिळते. तिसरीच्या दोन शिंपा मिटतात त्या आतील स्नायूंमुळे. उघडण्यासाठी मात्र तिच्याजवळ स्नायू नाही. बिजागरीपाशी एक लवचिक बंध असतो, तो शिंपा मिटताना दाबला जातो आणि स्नायूंनी पकड सोडताच शिंपा उघडतो. जिवंत तिसरीस टिचकी मारली तर ती घट्ट मिटते. मेलेली वा शिजलेली उघडते, कारण धरून ठेवणारा स्नायू निकामी झालेला असतो. शिजविण्यापूर्वी जी उघडी आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही ती आई टाकून का देते, असे मुलांस विचारावे. स्वयंपाकघरातील या जुन्या रीतीमागे स्नायूंचे शास्त्र आहे हे ऐकून मुलींना विशेष आनंद होतो.

आता रचनेकडे वळू. शिजलेल्या मटणाचा तुकडा बोटांनी उकलला तर त्याचे लांब धागे सुटतात. धाग्याचे आणखी बारीक धागे निघतात. मोठ्या स्नायूत अशा तंतूंचे जुडगे असतात, प्रत्येक जुडग्यावर पातळ आवरण असते, आणि ही आवरणे टोकाशी एकवटून पांढरी, चिवट दोरी बनते, तिला कंडरा म्हणतात. आपल्या टाचेच्या मागे चिमटीत धरता येते ती सर्वांत जाड कंडरा. कोंबडीच्या तोडलेल्या पायातून बाहेर आलेली पांढरी दोरी ओढली की नख्या मिटतात, हा प्रयोग मुलांनी घरी केलेलाच असतो. ज्या घरांत मांसाहार होत नाही तेथील मुलांस मासा वा कोंबडी आणण्याचा आग्रह करू नये. टाचेची कंडरा सर्वांस सारखीच आहे.

बांगड्याची रचना थोडी निराळी असते. त्याचे स्नायुतंतू आखूड असून पातळ पडद्यांच्या मध्ये थरांत बसविलेले असतात. शिजताना हे पडदे विरघळतात म्हणून माशाचे पापुद्रे सुटतात, मटणाचे सुटत नाहीत. बांगड्याच्या कुशीला कातडीखाली गडद तांबडा पट्टाही दिसतो. बांगडा अखंड पोहणारा मासा. संथ पण न थकता चालणारे काम या तांबड्या स्नायूकडे असते. त्यात प्राणवायू साठविणारे तांबडे द्रव्य व रक्तपुरवठा अधिक असतो. आजूबाजूचा फिकट स्नायू एकाएकी झेप घेण्यास उपयोगी पडतो, परंतु लवकर थकतो. कोंबडीची तंगडी गडद आणि छाती फिकट का, याचे उत्तर येथेच मिळते : ती दिवसभर चालते, उडते क्वचित. माणसाच्या एकाच स्नायूत दोन्ही प्रकारचे तंतू मिसळलेले असतात.

हाडांना जोडलेल्या स्नायूचा एक तंतू म्हणजे एकच लांबट पेशी होय. तिची जाडी केसाएवढी किंवा त्याहून कमी असते, लांबी मात्र काही ठिकाणी कित्येक सेंटिमीटर भरते. एका पेशीत अनेक केंद्रके असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर एकाआड एक फिकट व गडद आडवे पट्टे दिसतात, म्हणून या स्नायूंना पट्टकी स्नायू असेही नाव आहे. हे पट्टे कशाचे, हे कोडे फार काळ सुटले नव्हते. १९५४ साली ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन यांनी, आणि त्याच वेळी स्वतंत्रपणे अँड्र्यू हक्स्ली व रोल्फ नीडरगर्क यांनी, त्याचा उलगडा केला. पेशीत मायोसिनचे जाड आणि अ‍ॅक्टिनचे बारीक असे दोन प्रकारचे तंतुक रचलेले असतात. स्नायू आखडतो तेव्हा यांपैकी कोणताही तंतुक आखूड होत नाही. ते एकमेकांवरून सरकतात.

हे मुलांस समजावे कसे? होडी वर ओढणाऱ्यांकडे बोट दाखवावे. दोर आखूड होत नाही, माणसांचे हात आखूड होत नाहीत, तरी होडी जवळ येते. एक हात दोर पकडतो, ओढतो, सोडतो, पुढे जाऊन पुन्हा पकडतो. मायोसिनच्या तंतुकावरील असंख्य सूक्ष्म टोके अ‍ॅक्टिनला असेच धरतात, ओढतात आणि सोडतात. मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत निरोप आला की पेशीत कॅल्शियम मोकळे होते आणि पकड सुरू होते. कॅल्शियम परत साठविले गेले की पकड थांबते. किती जोर लागावा हेही दोरावरील माणसांच्या संख्येवरूनच समजते. अंडे उचलताना थोडे तंतू कामास लागतात, पाण्याची घागर उचलताना पुष्कळ.

शिक्षकांनी येथे थांबून एक गोष्ट ठसवावी. पकडलेले टोक सुटण्यासाठीही इंधन लागते. अन्न व प्राणवायू यांपासून पेशीत तयार होणारे एटीपी नावाचे द्रव्य टोकाला येऊन चिकटल्याविना पकड सुटत नाही. मृत्यूनंतर हे द्रव्य संपते, सारी टोके आहेत तेथे अडकून राहतात, आणि शरीर ताठरते. मासा मेल्यावर काही तासांनी ताठ होतो आणि पुढे स्नायूंतील घटकच विघटित होऊ लागले की पुन्हा लिबलिबित होतो. बाजारात कोळीण मासा शेपटीकडे ताठ आहे हे दाखवून त्याचा ताजेपणा पटवून देते, ती याच अडकलेल्या टोकांची साक्ष काढीत असते.

थकव्याचा प्रयोग अवश्य करावा. त्याला काहीच साहित्य लागत नाही. मुलांनी एक हात डोक्यावर उंच धरावा, दुसरा खाली सोडावा व दोन्ही मुठी एकाच लयीने भराभर उघडमीट कराव्यात. उंच धरलेला हात आधी थकतो, कारण त्यास रक्त कमी पोहोचते. कोरड्या पुळणीवरून चालताना पोटऱ्या लवकर का भरून येतात, हाही प्रश्न येथे घालावा. पाय वाळूत रुततो, टाकलेला जोर वाळू सरकविण्यात जातो, तेव्हा त्याच अंतरासाठी स्नायूंना अधिक काम पडते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे, असे पुष्कळ जुन्या पुस्तकांत छापले आहे. ते आता मानले जात नाही. ते आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते. दुसऱ्या दिवसाचे दुखणे अनभ्यस्त श्रमाने तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे असते व ती भरून निघताना स्नायू बळकट होतो. पोटरीत गोळा येतो तो मात्र न सुटलेल्या आकुंचनाचाच प्रकार होय. पाऊल हाताने हळूहळू नडगीकडे ओढून पोटरी ताणली की तो सुटतो. पाण्यात गोळा आला असता हातपाय न झाडता उताणे तरंगावे व मदतीस हाक मारावी, हे समुद्राकाठच्या प्रत्येक मुलास ठाऊक असावयास हवे.

अनैच्छिक स्नायूंकडे येताना मुलांस जोडीजोडीने समोरासमोर बसवावे. एकाने डोळे तळहातांनी काही वेळ झाकावेत व उजेडाकडे तोंड करून एकदम उघडावेत. दुसऱ्यास बाहुली आकसताना दिसेल. "तू ती आकसवलीस का?" असे विचारले म्हणजे 'अनैच्छिक' या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. थंडीने अंगावर उठणारे काटे, आतड्यांतून पुढे सरकणारे अन्न, ही कामे अशाच स्नायूंची. यांच्या पेशी टकळीप्रमाणे मध्ये फुगीर व टोकांना निमुळत्या असून प्रत्येकीत एक केंद्रक असते; पट्टे नसतात. ते सावकाश आखडतात, पण फार वेळ आखडलेले राहू शकतात.

हृदयाचा स्नायू या दोहोंहून वेगळा. त्यावर पट्टे आहेत, परंतु तो आपल्या इच्छेने चालत नाही. त्याच्या पेशी शाखायुक्त व परस्परांना जोडलेल्या असल्याने सारे हृदय एका लयीने आखडते. नाडी मोजण्याचा तास गणितालाही जोडावा. मिनिटास ७२ ठोके धरले तर दिवसाचे १,०३,६८० होतात. मुलांची नाडी याहून जलद असते, म्हणून प्रत्येकाने आपापला गुणाकार करावा. "हृदयाला विश्रांती कधी?" असे एखादे मूल विचारतेच. एका ठोक्यास सुमारे ०.८ सेकंद लागतो. त्यांपैकी हृदयाचे मोठे कप्पे सुमारे ०.३ सेकंद आखडलेले असतात आणि उरलेला वेळ सैल. सैल असतानाच ते रक्ताने भरतात.

अनैच्छिक स्नायू व हृदय यांचे नाते किती जिवाभावाचे आहे हे आपल्याच जिल्ह्यातील एका संशोधनावरून दिसते. महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले दगावताना त्यांनी पाहिली आणि रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपून घेतली. उलटी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, आणि पुढे फुप्फुसांत पाणी होऊन गुदमरणे असा तो क्रम होता. १९८२ साली त्यांची ही निरीक्षणे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

विषाने मज्जातंतू अनावर उद्दीपित होऊन शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू आवळले जातात व सुटत नाहीत. हातपाय थंड पडतात ते म्हणून. आवळलेल्या नळ्यांत रक्त लोटता लोटता हृदयाचा स्नायू थकून जातो. रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त, तोंडाने घेण्याचे औषध डॉ. बावस्कर यांनी या रुग्णांना दिले, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केलेले हे काम १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५-३० दगावत. ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री जाहीर झाली. स्नायूला 'सोडावयास' लावल्याने केवढे प्राण वाचले, याचे याहून जवळचे उदाहरण शिक्षकास सापडणार नाही. विंचू चावलेल्या मुलाचे हातपाय गार पडले, घाम फुटला वा उलटी झाली, तर वेदना कमी आहेत म्हणून स्वस्थ बसू नये. क्षणाचाही विलंब न लावता त्यास रुग्णालयात न्यावे.

याच्या उलट प्रकार मण्यारीच्या दंशात घडतो. मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्या सांध्यावरच हे विष आघात करते, त्यामुळे निरोप पोहोचत नाही आणि स्नायू धरू शकत नाही. मण्यार रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. जागा फारशी सुजत वा दुखत नाही. सकाळी मूल पोट दुखते म्हणून सांगते, त्याच्या पापण्या मिटू लागतात, बोलणे अस्पष्ट होते, गिळता येत नाही. वर्गात असे मूल झोपाळू वाटून त्यास रागे भरण्याचा संभव असतो. पापण्यांमागून श्वासपटलाची, म्हणजे छाती व पोट यांमधील श्वासाच्या स्नायूची, पाळी येते हे शिक्षकाने जाणून असावे. अशा वेळी चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ दवडू नये. मुलास चालू न देता, प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असेल अशा रुग्णालयात पोहोचवावे.

धनुर्वातात पुन्हा सोडणेच अडते. मातीतील जंतू जखमेत शिरून विष निर्माण करतात. एक स्नायू आखडताना विरोधी स्नायूस सैल पडण्याचा जो निरोप पृष्ठरज्जूतून जावयाचा, तोच हे विष अडविते. टेबलाच्या प्रयोगात मागचा स्नायू मऊ झाला होता, तो येथे मऊ होत नाही. दोन्ही एकदम आखडतात, दातखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी वाकते. आपल्या मुलांचे पाय खडकावरील कालवांनी कापतात, गळ बोटांत रुततो, आणि जखमेवर अजूनही कोठे कोठे माती वा शेण लावले जाते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यावयाची धनुर्वात-घटसर्पाची लस यासाठीच आहे. दहा वर्षे पूर्ण झालेली मुले बहुधा पाचवीत असतात. हा पाठ झाला की वर्गशिक्षकांनी हजेरीपटावरून जन्मतारखा पाहून त्यांची यादी करावी, ज्यांची लस राहिली आहे त्यांची नावे आरोग्यसेविकेस द्यावीत, आणि लसीकरणाच्या दिवशी ती मुले हजर राहतील असे पालकांना आदल्या दिवशी कळवावे.